विश्रांतीचा धर्म : हाफकिन यांचा निबंध, शनवार तेल्यांचा आचार आणि परळची सुट्टी

प्रस्तावना

ज्यू धर्माच्या आध्यात्मिक शिकवणीचा विचार मराठीत बहुधा दोन प्रकारे होतो. पहिला प्रकार इतिहासाचा आहे. त्यात कोकणच्या किनाऱ्यावर आलेल्या बेने इस्रायलांची कथा, त्यांची आडनावे, त्यांची प्रार्थनामंदिरे आणि १९४८ नंतरचे स्थलांतर यांची नोंद येते. दुसरा प्रकार सुभाषितांचा आहे. त्यात प्राचीन ज्यू गुरूंची वचने वेचून ती आधुनिक माणसाच्या ताणतणावांवरील उपाय म्हणून पुढे ठेवली जातात. पहिल्या प्रकारात समाज दिसतो, पण त्याची शिकवण मागे पडते. दुसऱ्यात शिकवण दिसते. मात्र ती ज्या समाजाने जगून दाखविली, तो समाज नाहीसा होतो. ‘आजच्या दैनंदिन जीवनात या शिकवणीचे स्थान काय?’ या प्रश्नाचे उत्तर या दोहोंपैकी एकाही वाटेने पुरेसे मिळत नाही.

प्रस्तुत लेखात एकाच शिकवणीचा, म्हणजे सातव्या दिवसाच्या विश्रांतीचा, शब्बाथाचा विचार केला आहे. त्यासाठी दोन साधने समोर ठेवली आहेत. परळच्या प्रयोगशाळेला ज्यांचे नाव मिळाले, त्या वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन यांचा १९१६ सालचा निबंध हे पहिले साधन. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्रायलांचा आचार हे दुसरे. एक विद्वानाने लिहिलेला ग्रंथ आहे, तर दुसरा तेलाच्या घाण्याभोवती वाढलेला व्यवहार. या दोहोंची तुलना परळ-भोईवाड्याच्या कामगारवस्तीच्या पार्श्वभूमीवर केली, तर शब्बाथाच्या शिकवणीचा गाभा कोणता आणि तिचा आजच्या नागरी जीवनाशी संबंध कोठे येतो, हे अधिक स्पष्ट होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. हाफकिन आणि परंपरेची बाजू

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर, भोईवाड्याच्या लगत, हाफकिन संस्था उभी आहे. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरमध्ये प्लेगची साथ उघडकीस आली, तेव्हा हाफकिन यांना कलकत्त्याहून पाचारण करण्यात आले. १८६० साली ओडेसा येथे जन्मलेल्या आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेल्या या ज्यू शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. १९०२ साली पंजाबमधील मुलकोवाल येथे लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला आणि त्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. तो दूर व्हावयास १९०७ साल उजाडले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. हा इतिहास वैद्यकशास्त्राच्या अध्यापकांना परिचित आहे.

त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू मात्र मराठी अभ्यासकांच्या फारशी विचारात आलेली नाही. भारतातील सेवा संपल्यानंतर हाफकिन युरोपात परतले आणि धर्माचरणाकडे वळले. १९१६ साली न्यूयॉर्कच्या ‘मेनोरा जर्नल’मध्ये त्यांनी ‘अ प्ली फॉर ऑर्थोडॉक्सी’ हा निबंध लिहिला. शीर्षकाचा आशय ‘परंपरानिष्ठेची बाजू’ असा सांगता येईल. उत्तरायुष्यात त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांसाठी निधीही उभा केला. आयुष्य सूक्ष्मजीवशास्त्राला वाहिलेल्या माणसाने आपल्या सुशिक्षित, आधुनिक ज्यू वाचकांना ‘आचार सोडू नका’ असे सांगावे, यात निबंधाचे वेगळेपण आहे.

या निबंधाचा युक्तिवाद श्रद्धेच्या आवाहनावर थांबत नाही. एखादा समाज शतकानुशतकांच्या समान परंपरेने, दुःखाने आणि आशेने बांधला जातो. असे बंधन मुद्दाम स्थापन केलेल्या संघटनेपेक्षा टिकाऊ असते आणि ते तोडणे म्हणजे शरीराचा एखादा अवयव काढून टाकण्यासारखे आहे, असे ते मांडतात. पुढे जाऊन, जगण्याच्या स्पर्धेत कोणते समाज टिकतात, याचाही एक नियम ते सांगतात. मनुष्य व निर्माता यांचे नाते, काम व विश्रांती यांसाठी वेळेची आखणी, कुटुंबातील परस्पर कर्तव्ये आणि शेजाऱ्याशी व परक्याशी सत्याने व न्यायाने वागण्याचे बंधन या बाबतींत ज्यू शिकवणीच्या जो समाज जवळ असेल तो टिकेल, असा त्या नियमाचा आशय आहे.

या मांडणीचे मोठे बलस्थान असे की ती धर्माची शिकवण वचनांत शोधत नाही, वेळापत्रकात शोधते. एखादा माणूस काय मानतो, यापेक्षा त्याचा आठवडा कसा आखला आहे, याला येथे महत्त्व आहे. परंतु याच ठिकाणी एक मर्यादाही आहे. शब्बाथ पाळावा, कारण तो पाळणारा समाज टिकतो, असे म्हटले की विश्रांती हे समाजाच्या दीर्घायुष्याचे साधन ठरते. शिवाय ‘काम व विश्रांतीची आखणी’ आणि ‘परक्याशी न्याय’ ही त्यांच्या यादीत दोन वेगळी कलमे म्हणून येतात. ती खरोखर दोन आहेत काय, हा प्रश्न कोकणातील आचाराकडे पाहिल्यावर उभा राहतो.

२. घाण्याचा आचार

बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज नौगावजवळ जहाज फुटल्यानंतर किनाऱ्याला लागले आणि त्यातून सात जोडपी वाचली. या कथेचा काळ कोणता, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मात्र हा समाज कोकणातील खेड्यांत पसरला, केहीम, दिवे, अष्टमी, पेण, झिराड अशा गावांवरून त्याची आडनावे पडली आणि तेल गाळणे हा त्याचा प्रमुख व्यवसाय झाला, याविषयी शंका नाही. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आणि १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी इतिहासग्रंथात या आचारांची तपशीलवार नोंद आहे.

या समाजाकडे दीर्घकाळ धर्मगुरू नव्हते, धर्मग्रंथ नव्हते आणि प्रार्थनामंदिरही नव्हते. मुंबईत मांडवी येथे सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेले पहिले मंदिर १७९६ सालचे आहे. त्यापूर्वी जे टिकले, ते आचाराच्या रूपाने टिकले. आठव्या दिवशीची सुंता, ‘शमा’ या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम, काही सण-उपवास आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा परिपाठ एवढी ही शिदोरी होती. सणांची नावेही कोकणी घरातली होती. प्रायश्चित्ताच्या दिवसाला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. त्या दिवशी दार लावून घरातच राहायचे, म्हणून हे नाव. शिकवण विसरली गेली, पण दार बंद करण्याची कृती राहिली आणि त्या कृतीने शिकवण जपून ठेवली.

याच परिपाठामुळे शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ‘सोमवार तेली’ याच परिसरात होते. याचा अर्थ असा की आठवड्यातून एक दिवस घाणा थांबविणे ही कल्पना कोकणाला अपरिचित नव्हती आणि शेजाऱ्यांना शनिवारच्या सुट्टीत काही विपरीत वाटले नाही. तेल्याचा एक वार असतो, यांचा शनिवार आहे, इतक्या सहजतेने ती स्वीकारली गेली. एका परक्या धर्माचा केंद्रीय आचार महाराष्ट्राच्या वारांच्या व्यवस्थेत असा सामावला गेला, ही धर्मांच्या सहजीवनाच्या अभ्यासात लक्षणीय मानावी अशी गोष्ट आहे.

मराठीत न संपणाऱ्या कष्टाला ‘घाण्याचा बैल’ अशी उपमा आहे. डोळ्यांवर झापड, पायांखाली तेच वर्तुळ आणि चालूनही कोठेच न पोहोचणे, हा तिचा अर्थ. शनवार तेल्याचा बैल मात्र सात दिवसांतून एक दिवस त्या वर्तुळाबाहेर उभा राहत होता. तेल्याने स्वतः विश्रांती घ्यायची ठरविली की बैलालाही ती मिळे, कारण घाणा थांबला की दोघेही थांबत. शेतकऱ्याच्या घरी पोळ्याला बैलाची पूजा होते, त्याच्या शिंगांना रंग लागतो, त्याला पुरणपोळीचा घास मिळतो. तो कृतज्ञतेचा वार्षिक उत्सव आहे. शब्बाथाच्या दिवशी बैलाला पूजा मिळत नाही. त्याला दर आठवड्याला, हक्काने, सुट्टी मिळते. उत्सव आणि हक्क यांतील हा फरक पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

३. एकाच आज्ञेची दोन कारणे

शब्बाथाची आज्ञा तोरामध्ये दोन ठिकाणी विस्ताराने येते. ‘निर्गम’ या ग्रंथात तिचे कारण सृष्टीच्या उत्पत्तीत आहे. परमेश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्मिली आणि सातव्या दिवशी विश्राम केला, म्हणून तो दिवस पवित्र. ‘अनुवाद’ या ग्रंथात हीच आज्ञा पुन्हा सांगताना कारण बदलते. तेथे सृष्टीचा उल्लेख नाही. तू मिसर देशात दास होतास, हे तेथे आठवणीत ठेवायला सांगितले आहे आणि तुझ्या दासाला व दासीला तुझ्याप्रमाणेच विसावा मिळावा, हा हेतू स्पष्ट शब्दांत नोंदविला आहे. विश्रांती कोणाकोणाला द्यायची, याच्या यादीत मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, इतर गुरे आणि वेशीच्या आत राहणारा परका येतो.

या दोन कारणांतील अंतर केवळ शब्दांचे नाही. पहिल्या कारणात विश्रांती वरून खाली येते. माणूस निर्मात्याचे अनुकरण करतो आणि थांबतो. दुसऱ्या कारणात ती खालून वर पाहते. जो कधीकाळी दुसऱ्याच्या हुकमाखाली राबला, त्याने आपल्या हुकमाखाली राबणाऱ्याचे स्मरण ठेवायचे. अब्राहम जोशुआ हेशेल यांनी ‘द सॅबाथ’ या १९५१ सालच्या ग्रंथात ज्यू धर्म पावित्र्याची स्थापना जागेपेक्षा काळात करतो, असा विचार मांडला. आधुनिक वाचकांमध्ये या ग्रंथाला मोठी मान्यता मिळाली. मुंबईसारख्या शहरात, जेथे दहा बाय बाराच्या खोलीत देवघरालाही कोपरा शोधावा लागतो, तेथे काळात वसणाऱ्या पावित्र्याची ही कल्पना विशेष अर्थपूर्ण वाटते. परंतु ज्याचा काळच त्याच्या मालकीचा नाही, त्याने काय करावे, हा प्रश्न त्यानंतरही उरतो. ‘अनुवाद’ ग्रंथातील कारण नेमके या प्रश्नाला सामोरे जाते. विश्रांती आणि न्याय ही तेथे दोन कलमे राहत नाहीत. दासीला विसावा मिळाला, तरच धन्याचा शब्बाथ पूर्ण होतो.

हाफकिन यांच्या निबंधाचे परीक्षण या प्रकाशात केले, तर त्यांनी शिकवणीचे घटक अचूक ओळखले, पण त्यांना जोडणारा धागा सैल ठेवला, असे म्हणावे लागते. त्यांच्या मांडणीत शब्बाथाचा लाभार्थी समाज आहे. मूळ आज्ञेत लाभार्थ्यांच्या यादीत समाजाबाहेरचा परका आणि मुका बैलही आहे. समाज टिकविण्याच्या हिशेबात बैलाची विश्रांती कोठेच बसत नाही. शनवार तेल्याच्या घाण्यावर ती आपोआप बसत होती. ग्रंथ हाती नसलेल्या तेल्याचा आचार या एका बाबतीत विद्वानाच्या निबंधापेक्षा मूळ ग्रंथाच्या अधिक जवळ होता.

४. परळची रविवारची सुट्टी

हाफकिन यांची प्रयोगशाळा परळला आली, त्यापूर्वीच या परिसरात विश्रांतीचा एक वेगळा लढा होऊन गेला होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे गिरणी कामगारांची सभा झाली. आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे निश्चित तास आणि वेळेवर पगार या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांनी त्या निवेदनावर सह्या केल्या. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर झालेल्या मोठ्या सभेत स्त्री कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टीला कायद्याचा आधार मिळाला.

रविवार हा खंडोबाचा वार असल्याने तो सुट्टीसाठी योग्य, असा आधारही लोखंडे यांनी दिल्याचे सांगितले जाते. यातून एक साम्य दिसते. सत्यशोधक विचाराच्या या कामगार पुढाऱ्यानेही मोकळा दिवस मागताना त्या दिवसाचे देवाशी असलेले नाते सोडले नाही. कष्टकऱ्याला विसावा हवा, एवढे म्हणणे मालकाला आळसाचे समर्थन वाटू शकते. त्या दिवसावर मालकाहून मोठ्या कोणाचा तरी अधिकार आहे, असे म्हटले की मागणीचे रूप बदलते. शब्बाथाच्या आज्ञेतही नेमके हेच घडते. सातवा दिवस धन्याचा नाही, म्हणून धनी तो दासाकडून मागू शकत नाही.

येथे एक भेदही नोंदविला पाहिजे. मुंबईच्या गिरणीमालकांत पारशी, हिंदू, मुसलमान आणि बगदादी ज्यू अशा अनेक धर्मांची घराणी होती आणि त्या प्रत्येक घरी आपापले पवित्र दिवस पाळले जात होते. तरीही गिरणीतील साप्ताहिक सुट्टी आली ती कामगारांच्या संघटनेमुळे. धर्माची शिकवण घराच्या उंबरठ्यापर्यंत पाळली जाते आणि कारखान्याच्या फाटकाशी थांबते, हा अनुभव कोणा एका धर्माचा नाही. घाण्याच्या व्यवस्थेत घर आणि कारखाना एकाच अंगणात होते. म्हणून शिकवण दोहोंना एकदम लागू पडली. गिरणीने ही दोन ठिकाणे वेगळी केली आणि शिकवणीची खरी परीक्षा तेव्हा सुरू झाली.

बेने इस्रायलांनाही ही परीक्षा द्यावी लागली. कोकण सोडून मुंबईत आलेला हा समाज लष्करात, सरकारी कचेऱ्यांत, कारखान्यांत आणि सुतारकाम-गवंडीकामात शिरला. शनिवारी घाणा बंद ठेवणे तेल्याच्या हाती होते. शनिवारी कचेरी बंद ठेवणे कारकुनाच्या हाती नव्हते. ज्या शहरात त्यांना प्रार्थनामंदिरे, शाळा आणि जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी केलेली हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे मिळाली, त्याच शहरात अनेकांचा शनिवार गेला. खेड्यात ग्रंथाविना आचार होता, तर शहरात ग्रंथ आला आणि आचाराला मोकळा दिवस उरला नाही. आधुनिक जीवनातील धर्माच्या स्थितीचे इतके नेमके उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदींनी ज्यू चरित्रकथांवर मराठी कीर्तने रचण्यास आरंभ केला. पूर्वी घाण्याच्या थांबण्यातून जे आपोआप कळत होते, ते आता सांगून कळवावे लागत होते, असाही या प्रयत्नांचा अर्थ लावता येतो.

५. आचाराच्या मर्यादा

शनवार तेल्यांच्या आचाराचा गौरव करताना त्यातील उणिवा झाकून चालणार नाही. ज्या समाजाने बैलाला विश्रांती दिली, त्याच समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल असा भेद होता. ज्यू नसलेल्या स्त्रियांपासून झालेल्या संततीला ‘काळे’ मानून तिच्याशी बेटीव्यवहार टाळला जात असे. आजूबाजूच्या जातिव्यवस्थेचा हा ठसा होता. पुढे मुंबईत बगदादी ज्यूंनी बेने इस्रायलांच्या शुद्धतेविषयी शंका घेतली, तेव्हा हाच न्याय त्यांच्या वाट्याला आला. इस्रायलमध्ये गेल्यावर १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या विवाहांच्या वैधतेवर धर्मपीठाने निर्बंध आणले. त्याविरुद्ध त्यांना दीर्घ आंदोलन करावे लागले आणि १९६४ मध्ये तो प्रश्न मार्गी लागला. शतकानुशतके शनिवार पाळणाऱ्यांना आपले ज्यूपण सिद्ध करावे लागले, हे हाफकिन यांच्या परंपरानिष्ठेच्या कल्पनेलाही आव्हान देते. परंपरा कोणाची, आणि तिचा निवाडा कोणी करायचा?

हाफकिन यांचा टिकून राहण्याचा निकषही येथे अपुरा पडतो. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज आज भारतात पाच हजारांहूनही कमी उरला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तो या घटीनंतर. ही घट शब्बाथ सोडल्यामुळे झाली नाही, स्थलांतरामुळे झाली. समाजाची संख्या आणि शिकवणीचे सत्य यांचा थेट संबंध जोडता येत नाही.

तिसरी मर्यादा मूळ आज्ञेतच आहे. विश्रांतीच्या यादीत मुलगी व दासी आहेत, पण पत्नीचा स्वतंत्र उल्लेख नाही. परंपरेने ‘तू’ या संबोधनातच तिला गृहीत धरले. व्यवहारात शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी दुप्पट रांधण्याचे काम तिच्याकडेच राहिले. घाणा थांबतो तेव्हा तेली थांबतो, बैल थांबतो. स्वयंपाकघर थांबावे म्हणून मात्र कोणीतरी आदल्या दिवशी अधिक राबलेले असते. शब्बाथाच्या शिकवणीचा आजच्या जीवनाशी संबंध जोडणाऱ्या लेखनाने हा प्रश्न टाळता कामा नये.

६. आजचा संदर्भ

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर परळ-लालबागच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. भोंग्यावर चालणारा दिवस संपला. गिरण्यांच्या जमिनींवर कचेऱ्या, मॉल आणि उंच इमारती आल्या. भोईवाडा हे नाव भोई समाजाच्या वस्तीची, म्हणजे दुसऱ्याची पालखी खांद्यावर वाहणाऱ्यांची आठवण देते. पालखी गेली, पण दुसऱ्याचा भार वाहणारे खांदे या परिसरातून गेले नाहीत. बारा तासांच्या पाळीतले सुरक्षारक्षक, घरपोच सामान पोहोचविणारे तरुण आणि चार घरची कामे करणाऱ्या स्त्रिया यांच्या श्रमावर नव्या परळचा दिवस चालतो.

कायद्याने पाहू जाता, २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानांना वर्षभर उघडे राहण्याची मुभा देतानाच, ठरावीक संख्येच्या वर कामगार असलेल्या आस्थापनांतील प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी राखून ठेवली. आस्थापना थांबणार नाही, पण माणूस थांबेल, अशी ही व्यवस्था आहे. तिच्याबाहेर राहणाऱ्यांचे काय, हा खरा प्रश्न आहे. घरकामगारांसाठी २००८ साली राज्यात कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याचा भर नोंदणी आणि कल्याणकारी लाभांवर आहे. आठवड्याची सुट्टी अजूनही घराघरांतील मर्जीवर अवलंबून राहते. न सांगता घेतलेल्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात आणि तो पगारातून कापला जातो. सुट्टी आणि खाडा या दोन शब्दांतील अंतर म्हणजेच हक्क आणि मर्जी यांतील अंतर होय.

शब्बाथाच्या शिकवणीचे आजचे लोकप्रिय रूप मात्र वेगळ्या दिशेने जाते. आठवड्यातून एक दिवस मोबाईल बंद ठेवावा, मन शांत करावे, कुटुंबासोबत जेवावे, असा उपदेश सुशिक्षित मध्यमवर्गाला केला जातो. तो चुकीचा नाही. परंतु ज्या दिवशी मोबाईल बाजूला ठेवून कुटुंब निवांत जेवते, त्याच दिवशी त्या जेवणाची भांडी घासणारी बाई कामावर आली असेल, तर ‘निर्गम’मधील कारण पाळले गेले आणि ‘अनुवाद’मधील मोडले गेले. विश्रांती घेणाऱ्याची संख्या वाढली, देणाऱ्याची वाढली नाही.

परळच्या संदर्भात आणखी एका मुद्द्याची दखल घेतली पाहिजे. के. ई. एम., वाडिया आणि टाटा स्मारक ही रुग्णालये येथून हाकेच्या अंतरावर आहेत आणि रुग्णालय कधीच थांबत नाही. ज्यू धर्मशास्त्रात याचा विचार प्राचीन काळापासून आहे. जीव वाचविण्याचे काम शब्बाथापेक्षा श्रेष्ठ मानले आहे. जिवाला धोका असल्याची केवळ शंका असली, तरी शब्बाथ मोडावा, असा तालमूदचा निर्णय आहे. विश्रांतीचा नियम जितका कडक, तितकाच त्याचा अपवादही स्पष्ट आहे. मात्र हा अपवाद जिवासाठी आहे, सोयीसाठी नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेचे जागरण आणि दहा मिनिटांत घरी येणाऱ्या किराणा सामानासाठीची धावपळ यांना एकाच ‘अत्यावश्यक’ या शब्दाखाली आणणाऱ्या काळात हा विवेक मोलाचा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. ज्यू आध्यात्मिक शिकवणीचा दैनंदिन जीवनाशी असलेला संबंध वचनांच्या संग्रहात सापडत नाही. तो वेळेच्या वाटपात सापडतो. हाफकिन यांनी १९१६ साली ही गोष्ट ओळखली, हे त्यांच्या निबंधाचे श्रेय आहे. त्यांनी तिचे समर्थन समाजाच्या टिकावात शोधले, ही त्याची मर्यादा आहे. कोकणातील शनवार तेल्यांच्या आचारात हीच शिकवण तिच्या मूळ हेतूसह, म्हणजे आपल्या हाताखाली राबणाऱ्याच्या विसाव्यासह, टिकून होती. त्या आचाराला स्वतःच्या भेदभावांच्या आणि स्त्रियांच्या श्रमाच्या मर्यादाही होत्या.

या शिकवणीचा लाभ घेण्यासाठी ज्यू होण्याची गरज नाही आणि शनिवारच पाळला पाहिजे असेही नाही. महाराष्ट्रात सोमवार तेली होते, शनवार तेली होते आणि खंडोबाच्या रविवारी सुट्टी मिळविणारे गिरणी कामगारही होते. वार कोणताही असो, त्या दिवशी आपल्यासाठी राबणारा माणूस थांबला काय, ही या शिकवणीची कसोटी आहे. ज्या घरात, महाविद्यालयात किंवा कचेरीत ती लावली जाईल, तेथे शिपायाच्या, सफाई कामगाराच्या आणि घरकाम करणाऱ्या बाईच्या सुट्टीचा दिवस कॅलेंडरवर आधी लिहावा लागेल आणि आपला त्यानंतर.